लमाण, बंजारा, लंबाडा : संग्रहालयातल्या पाटीची पार्श्वभूमी

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला शिलालेख दान देणाऱ्या वाकाटक मंत्र्याचे नाव सांगतो. भिंती रंगवणारे मात्र निनावीच राहिले. १८१९ चा ‘शोध’ही एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नावावर जमा आहे, ती वाट आधीपासून ठाऊक असलेल्या डोंगरातल्या माणसांच्या नाही. बंजारा तांड्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, बायकांच्या भरतकामाचेही तेच झाले : संग्रहालयातल्या पाटीवर त्यांचे नाव नाही. पण हे अलीकडचे आहे, आणि त्याचे मूळ नावाच्या गोंधळात आहे.

गावात ‘लमाण’, कागदावर ‘बंजारा’. तेलंगणात ‘लंबाडा’, कर्नाटकात ‘लंबाणी’. स्वतःला ते ‘गोर’ म्हणवतात. १९४८ पर्यंत मराठवाड्यासह यातला मोठा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातल्या जातीजमातींवर १९२० मध्ये निघालेल्या जाडजूड ग्रंथात त्यांचीही नोंद आहे. मग १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले आणि संस्थानातला एकच गोतावळा तीन राज्यांत विभागला. आज इकडे महाराष्ट्रात तो विमुक्त जातींत आहे, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तर तेलंगणात १९७० च्या दशकापासून अनुसूचित जमातींत. नांदेड जिल्ह्यातल्या तांड्यावरची लेक निजामाबादकडे दिली, तर तिच्या माहेरची आरक्षणाची यादी वेगळी आणि सासरची वेगळी. ‘विमुक्त’ हा शब्द तर आणखी बोचरा. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो ३१ ऑगस्ट १९५२ ला पुसला गेला. पण सुटका झाली हे सांगणाऱ्या नावातच तो शिक्का जिवंत आहे.

संग्रहालयांची दालने बहुधा याच याद्यांवरून मांडली जातात. त्यामुळे तेलंगणात जो पोशाख आदिवासी कला म्हणून मांडता येतो, तोच आपल्याकडे ‘लोककला’ किंवा ‘हस्तकले’च्या कप्प्यात पडतो. हस्तकलेच्या पाटीवर कारागिराचे नाव लिहायची रीत नाही. मला यातला अन्याय इथेच दिसतो. फेटिया म्हणजे घागरा, काचळी म्हणजे चोळी, डोईवरच्या घागरीखालून पाठीवर सोडायचा कवड्यांचा गणो. प्रत्येक वस्तूला गोरबोलीत नाव आहे, वापरायचा प्रसंग आहे. पाटीवर उरते ते जमातीचे नाव, ‘दख्खन’ आणि शतक. तांडा नाही, बाई नाही. कितीतरी जुने कपडे उसवले गेले आणि त्यांच्या पिशव्या, उशांचे अभ्रे होऊन बाजारात गेले.

२ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने मराठा समाजाच्या नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटियरचा, म्हणजे निजामाच्या काळातल्या सरकारी नोंदग्रंथाचा, आधार मान्य केला. त्याच गॅझेटियरवर बोट ठेवून मराठवाड्यात बंजारा समाजाचे प्रचंड मोर्चे निघाले : आम्हाला अनुसूचित जमातीत घ्या. आदिवासी संघटनांनीही विरोधात मोर्चे काढले; आपला वाटा कमी होईल ही त्यांची भीती उगाच नाही. वाद आरक्षणाचा आहे, पण फेटिया कोणत्या दालनात टांगायचा हेही त्याच यादीवरून ठरत आले आहे.

५ ऑक्टोबर २०२४ ला वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला बंजारा वारशाचे संग्रहालय सुरू झाले. नाव तांड्यावरच्या वाद्याचे, नंगाऱ्याचे. पोहरादेवी विदर्भात असली तरी रामनवमीच्या यात्रेला मराठवाड्यातले तांडेही लोटतात. मुलींनी कधीच साडी नि ड्रेस धरला. फेटिया दिसतो तो आज्यांच्या अंगावर, आणि त्यावरचा कोणता टाका कुणाच्या हातचा, हे त्यांना विचारता येते.