एकाच नावाचे दोन ‘अलादीन’: १९९३ च्या गेमची पार्श्वभूमी

१९९३ च्या नोव्हेंबरात डिस्नेच्या ‘अलादीन’ या चित्रपटावरचे दोन गेम बाजारात आले. एक सेगाच्या मेगा ड्राइव्हसाठी, म्हणजे अमेरिकेत ज्याला जेनेसिस म्हणतात त्या कन्सोलसाठी. दुसरा सुपर निन्टेंडोसाठी. तेव्हापासून आजतागायत जुन्या गेमच्या चाहत्यांमध्ये एक वाद मिटलेला नाही: कुठला पोर्ट, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर उतरवलेली आवृत्ती, सरस? या प्रश्नात एक गोष्ट धरूनच चाललेली असते, की मूळ गेम एक होता आणि तो दोन यंत्रांवर उतरवला गेला. तसं झालंच नव्हतं. एक गेम कॅलिफोर्नियात व्हर्जिन गेम्सने बनवला, दुसरा जपानमध्ये कॅपकॉमने. टप्पे वेगळे, चाली वेगळ्या, शत्रूला हरवण्याची रीतसुद्धा वेगळी. दोन्हींची तुलना जरूर करावी, मीही आवडीने करतो. पण आधी या वाटा फुटल्या कुठे ते पाहायला हवं.

चित्रपटावरून गेम काढण्याचा धंदा ‘अलादीन’च्या दहा वर्षं आधी जोरात सुरू झाला होता आणि त्याच सुमारास बदनामही झाला होता. १९८२ मध्ये अटारी २६०० या कन्सोलसाठी ‘ई.टी.’ आला. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना तो जेमतेम पाच आठवड्यांत उरकावा लागला, कारण नाताळच्या विक्रीची तारीख हलणार नव्हती. न खपलेली कार्ट्रिजं, म्हणजे यंत्रात खोचायच्या गेमच्या डब्या, पुढे न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरली गेली आणि २०१४ मध्ये ती उकरूनही काढली गेली. तारीख आधी ठरते, गेम मागाहून, ही या धंद्याची खोड तिथेच दिसली.

दुसरी खोड जास्त महत्त्वाची आहे, आणि तुलना करणारे नेमकी तीच विसरतात. चित्रपटाचे हक्क एका कंपनीला सरसकट विकले जात असं नाही. ते यंत्रागणिक तोडून विकले जात. टिम बर्टनच्या ‘बॅटमॅन’चे गेम घ्या. घरगुती संगणकांसाठी ते मँचेस्टरच्या ओशन सॉफ्टवेअरने केले, तर निन्टेंडो आणि सेगाच्या कन्सोलांसाठी जपानच्या सनसॉफ्टने. १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’ची गतही तीच: सुपर निन्टेंडोवर ओशनचा गेम, मेगा ड्राइव्हवर ब्लूस्काय सॉफ्टवेअरचा. दुकानाच्या फळीवर दोन्ही डब्यांवर तोच डायनासोर, आत मात्र भलतेच दोन गेम.

डिस्नेच्या बाबतीत ही फाळणी आणखी जुनी. निन्टेंडोच्या यंत्रांवर डिस्नेचे गेम म्हणजे बहुतेक वेळा कॅपकॉम, हे समीकरण १९८९ च्या ‘डकटेल्स’पासून बसत गेलं. सेगाने आपल्या कन्सोलसाठी स्वतः डिस्नेशी बोलणी केली आणि १९९० मध्ये मिकी माउसचा ‘कॅसल ऑफ इल्युजन’ काढला. मिकी माउस दोन्हीकडे होता, पण दोन वेगळ्या घरांत वाढत होता. ‘अलादीन’ १९९२ च्या नोव्हेंबरात चित्रपटगृहांत आला तेव्हा ही विभागणी तयारच होती. यंत्राची ताकद कामाला लागली ती त्यानंतर. आधी करारांनी काम केलं.

सेगाच्या बाजूने काम गेलं व्हर्जिन गेम्सकडे. तिथे डेव्हिड पेरी हे मुख्य प्रोग्रामर होते. मेगा ड्राइव्हवर ‘ग्लोबल ग्लॅडिएटर्स’ आणि ‘कूल स्पॉट’ हे दोन गेम करून त्यांच्या चमूचा हात बसलेला होता. ही शिदोरी नसती तर वर्षभरही हातात नसताना ‘अलादीन’ पुरा झाला नसता, असं मला वाटतं. पण या गेमची खरी ओळख वेगळी: त्यातल्या हालचाली खुद्द डिस्नेच्या अ‍ॅनिमेटरांनी कागदावर पेन्सिलीने काढल्या. ती रेखाटनं स्कॅन करून संगणकात आणली, रंगवली आणि मग कार्ट्रिजमध्ये बसवली. या पद्धतीला त्यांनी ‘डिजिसेल’ असं नाव दिलं आणि जाहिरातीत ते भरपूर मिरवलं. मिरवण्यासारखंच होतं. तोवर चित्रपटावरच्या गेममधलं पात्र म्हणजे मूळ पात्राची ठिपक्यांत केलेली अंदाजे नक्कल असे. इथे अलादीन धावताना, घसरून थांबताना, तलवार फिरवताना पडद्यावरच्या अलादीनसारखाच लवतो. पहारेकऱ्याची विजार घसरते, निखाऱ्यांवर पाय पडला की तो थयथय नाचतो; हे विनोद कार्टून काढणाऱ्यांनाच सुचावेत असे आहेत.

हे यंत्रात बसवणं सोपं नव्हतं. मेगा ड्राइव्हचा एक स्प्राइट, म्हणजे पडद्यावर हलवता येणारं छोटं चित्र, जास्तीत जास्त ३२ बाय ३२ ठिपक्यांचा. अलादीनचं एक चित्र त्यात मावत नाही, म्हणून प्रत्येक चित्राचे तुकडे करावे लागत आणि ते तुकडे कमीत कमी जागा खातील असे पाडावे लागत. त्यासाठी चमूकडे ‘चॉपर’ नावाचं स्वतःचं साधन होतं. दृश्यमेमरी फक्त ६४ केबी, त्यामुळे सगळी चित्रं एकदम आत ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या क्षणी जे चित्र लागेल ते कार्ट्रिजमधून उचलून आत टाकायचं. आणि कार्ट्रिज १६ मेगाबिटचं, म्हणजे आजच्या हिशेबात २ एमबी. पडद्यावर एका वेळी साधारण ६४ रंग, तेही १६-१६ च्या चार रंगपट्ट्यांत वाटलेले. पार्श्वभूमी, नायक, शत्रू आणि माहितीचे आकडे यांनी एवढ्यात भागवायचं. अग्राबाच्या, म्हणजे अलादीनच्या शहराच्या, बाजाराचे रंग सपाट आणि ठळक दिसतात ते यामुळेही. कार्टूनच्या चालीला तो सपाटपणा उलट शोभून दिसला.

कॅपकॉमच्या गेमचे डिझायनर होते शिंजी मिकामी, ज्यांचं नाव पुढे १९९६ च्या ‘रेसिडेंट एव्हिल’मुळे जगभर झालं. त्यांच्या हाती डिस्नेचे चित्रकार नव्हते, पण कॅपकॉमकडे प्लॅटफॉर्म गेम, म्हणजे उड्या मारत पुढे जायचे गेम, रचण्याचं पक्कं कसब होतं. त्यांचा अलादीन तलवार घेत नाही. तो शत्रूच्या डोक्यावर उडी मारून उसळतो, खांबांना लटकून झोके घेतो, कापड पसरून हवेत तरंगत उतरतो. सफरचंदं फेकतो, पण तेवढ्याने शत्रू नुसता गोंधळतो. सगळा भर उडीवर, तिच्या लयीवर. यात पिरॅमिडचा टप्पा आहे, जो व्हर्जिनच्या गेममध्ये नाही. तर व्हर्जिनकडे सुलतानाची अंधारकोठडी आहे. सुपर निन्टेंडोला ३२,७६८ रंगांच्या संचातून एका वेळी २५६ रंग मिळत, म्हणून रंगांच्या छटा इथे हळुवार उतरत जातात. आवाजाचा फरक तर डोळे मिटूनही कळतो: मेगा ड्राइव्हची यामाहाची एफएम चिप धातूसारखी खणखणीत, सुपर निन्टेंडोची सोनीची चिप आवाजांचे मुद्रित नमुने वाजवणारी, त्यामुळे वाद्यवृंदाच्या जवळ जाणारी. चित्रपटाचे संगीतकार अ‍ॅलन मेंकन यांच्या चाली दोन्हीकडे आहेत, पण जादूच्या गालिच्यावरच्या सफरीत मला कॅपकॉमचाच गेम ऐकावासा वाटतो.

पुढे एका मुलाखतीत मिकामी यांनी मोकळेपणाने सांगितलं, की आपण स्वतः तो गेम केला नसता तर आपण जेनेसिसचाच विकत घेतला असता, कारण त्यातलं अ‍ॅनिमेशन चांगलं आहे आणि त्यात तलवार आहे. हे वाक्य वादात निकाल म्हणून फेकलं जातं. मला ते एका कारागिराने दुसऱ्याच्या कामाला दिलेली दाद वाटते. नुसती चाल पाहायची तर व्हर्जिनचा गेम पुढे आहे यात शंका नाही. पण तलवार कुठवर पोचते आणि आपण नेमके कुठे उभे आहोत याचा अंदाज त्यात अनेकदा चुकतो. कॅपकॉमच्या गेममध्ये पाय घसरला तर चूक आपली असते. खेळायला म्हणून मी कॅपकॉमचा निवडेन.

पोर्ट म्हणावेत असे ‘अलादीन’ वेगळेच आहेत. व्हर्जिनच्या गेमवरून १९९४ मध्ये अमिगा १२०० आणि डॉसवरच्या घरगुती संगणकांसाठी आवृत्त्या झाल्या. युरोपात जुन्या ८ बिटी निन्टेंडोवर आणि नंतर गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावरही तोच गेम दाबून बसवला गेला. गेम बॉयच्या चार करड्या छटांत डिजिसेलची ऐट कुठून येणार? ८ बिटी निन्टेंडो एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट दाखवू शकतो, म्हणून मोठी पात्रं समोरासमोर आली की चित्र लुकलुकतं. या आवृत्त्या शेजारी ठेवल्या तर यंत्राने काय हिरावून घेतलं ते नेमकं दिसतं. कॅपकॉमच्या गेमचा वंश मात्र एका फांदीवरच पुढे गेला, गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर. सेगाच्या मास्टर सिस्टम आणि गेम गिअरवरचा ‘अलादीन’ सिम्स या जपानी कंपनीचा. तो या दोन्ही घराण्यांत बसत नाही.

याच्या उलट उदाहरण एका वर्षातच आलं. १९९४ चा ‘द लायन किंग’ दोन्ही कन्सोलांसाठी वेस्टवुड स्टुडिओजने केला, आराखडा एकच. तिथे पोर्टची तुलना सरळ करता येते: मेगा ड्राइव्हवर पडदा ३२० ठिपके रुंद, सुपर निन्टेंडोवर २५६, म्हणजे समोरचं संकट कुठे आधी दिसतं हे मोजून सांगता येतं.

पेरी १९९३ मध्येच व्हर्जिन सोडून गेले आणि त्यांनी शायनी एंटरटेनमेंट काढली. शायनीच्या ‘अर्थवर्म जिम’ या गेममधली लवचीक, वेडीवाकडी चाल पाहिली की ‘अलादीन’चे धडे ओळखू येतात. मेगा ड्राइव्हच्या ‘अलादीन’चा मूळ सोर्स कोड २०१७ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने अभ्यासून त्यावर सविस्तर लिहिलं, आणि गेममध्ये न वापरलेलं बरंच साहित्य उजेडात आलं. २०१९ मध्ये डिजिटल इक्लिप्स या कंपनीने जुन्या डिस्ने गेमचा संच नव्या कन्सोलांवर आणला, तेव्हा त्यात व्हर्जिनचंच घराणं होतं. कॅपकॉमचा ‘अलादीन’ त्यात २०२१ मध्ये आला. आता एकाच अधिकृत संचात दोन्ही गेम लागोपाठ सुरू करता येतात.