मागच्याचा उजेड आणि आरशाचा धंदा

रात्री दहानंतर पेठ नाक्यावरून हायवेला लागा. कऱ्हाड येईपर्यंत कुणीतरी अप्पर, म्हणजे हेडलाइटचा वरचा झोत, लावून मागे चिकटलेला असतोच. त्याचा उजेड मागच्या काचेतून आत शिरतो, मधल्या आरशावर आपटतो आणि थेट आपल्या डोळ्यांत. तो साइड घेऊन पुढे गेला तरी दोन-तीन सेकंद समोरचा रस्ता काळाठिक्कर दिसतो. सांगलीतल्या शोरूममध्ये टॉप मॉडेलच्या यादीत ‘ऑटो डिमिंग आरसा’ (मागून झोत पडला की आपोआप गडद होणारा) अशी जी ओळ असते, ती या दोन-तीन सेकंदांसाठी. ही ओळ तिथवर यायला जवळपास शंभर वर्षं लागली, आणि ती आणली आरशापेक्षा हेडलाइटनं.

मुळात गाडीला आरसाच नव्हता. १९११ साली इंडियानापोलिसला पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली, तेव्हा प्रत्येक गाडीत ड्रायव्हरशेजारी एक मेकॅनिक बसायचा. मागून कोण येतंय ते सांगणं हे त्याचं एक काम, म्हणजे आपल्या ट्रकवरच्या क्लीनरसारखंच. रे हारून हा गडी एकटाच गाडीत बसला. बाकीच्यांनी तक्रार केली म्हणून त्यानं समोर आरसा लावला आणि शर्यतही जिंकली. पुढे त्यानंच कबूल केलं, की विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका थरथरायचा की त्यात काही दिसतच नव्हतं! १९२१ मध्ये एल्मर बर्गर यांनी आरशाचं पेटंट घेतलं आणि तो ‘मागचा पोलिस दाखवणारा आरसा’ म्हणून विकला. गिऱ्हाईक कशाला भुलतं हे त्यांना बरोबर कळलं होतं.

आरसा आला तशी डोळे दिपायची तक्रारही आली. तिच्यावरचा पहिला उपाय आजही बहुतेक गाड्यांत आहे: आरशाखालचा तो छोटा खटका. ही काच वरून जाड आणि खाली पातळ, म्हणजे पाचरीसारखी असते. दिवसा आपण पाहतो ते मागच्या चकचकीत मुलाम्यात. खटका ओढला की तो मुलामा छताकडे वळतो आणि मागची गाडी फक्त पुढच्या कोऱ्या काचेत दिसते. कोरी काच अवघा चार टक्के उजेड परत फेकते. ना वायर, ना सेल. एकदा घरासमोर गाडी उभी करून खटका हळूहळू ओढून पाहा, मधे एका क्षणी दोन्ही प्रतिमा एकावर एक दिसतात. अडचण एकच, ऐन वेळी हात वर न्यावा लागतो. क्रायस्लरनं १९५९ मध्ये हे काम विजेवर सोपवून पाहिलं, पण ते रुळलं नाही.

एव्हाना हेडलाइट प्रखर होत चालले होते. १९६२ मध्ये युरोपात हॅलोजन बल्ब आला, १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूनं झेनॉन आणला आणि त्यामागून एलईडी. आपल्याकडे यावर उपाय होता तो रंगाचा डबा. हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा फासलेला असायचा, ट्रकचाही आणि फियाटचाही. तो काळा पट्टा कधी गायब झाला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्याच काळात ६०/५५ वॅटच्या जागी ‘नव्वद-शंभर’चा बल्ब टाकायची टूम निघाली. आता त्याची जागा पांढऱ्याफेक एलईडीनं घेतलीय. हॅलोजनसाठी घडवलेल्या वाटीत एलईडी बसवला की उजेड रस्त्यावर कमी आणि दुसऱ्याच्या तोंडावर जास्त पडतो. माझ्या मते ऑटो डिमिंग आरशाचे खरे विक्रेते हे बल्बवालेच.

आरशाची पुढची गोष्ट मात्र अमेरिकेतल्या दोन शेजारी गावांची आहे. मिशिगन राज्यात हॉलंड आणि झीलंड ही डच लोकांनी वसवलेली गावं. मधलं अंतर जेमतेम आपल्या सांगली-मिरजेइतकं. हॉलंडमधली डॉनेली ही जुनी कंपनी, फर्निचरच्या आरशांतून गाड्यांच्या आरशांत उतरलेली. झीलंडमध्ये १९७४ साली फ्रेड बाउर यांनी जेन्टेक्स काढली, तीही आग लागल्यावर वाजणाऱ्या धुराच्या अलार्मसाठी. त्या अलार्ममध्ये धूर ओळखायला प्रकाशाचा सेन्सर असतो. उजेड कमी-जास्त झालेला ज्याला कळतो, त्याला मागचा हेडलाइट का कळू नये? १९८२ मध्ये त्यांनी सेन्सर आणि मोटार लावून खटका आपोआप हलवणारा आरसा काढला. खरी उडी १९८७ ची. त्या वर्षी आरशातली हलणारी यंत्रणाच गेली आणि काच स्वतः काळवंडू लागली.

विजेनं रंग बदलणाऱ्या पदार्थांवर १९६० च्या दशकात शास्त्रज्ञ सत्येन देब यांनी टंगस्टन ऑक्साइड वापरून मूलभूत काम केलं होतं. जेन्टेक्सची रसायनं वेगळी होती. दोन काचांमध्ये केसाइतकी फट, त्या फटीत जेल आणि काचांच्या आतल्या अंगाला वीज वाहून नेणारा पारदर्शक थर. साधारण एक-सव्वा व्होल्ट दिला की जेल निळसर-हिरवं गडद होतं, वीज काढली की पुन्हा निवळतं. एक सेन्सर पुढे पाहून बाहेर अंधार आहे का ते ठरवतो, दुसरा मागचा झोत मोजतो. दिवसाढवळ्या मागून लाइट मारला तर आरसा ढिम्म. रिव्हर्स गिअर टाकला की तो लगेच स्वच्छ होतो.

मग दोन्ही गावांत पेटंटवरून कोर्टबाजी जुंपली आणि १९९६ मध्ये तडजोडीवर मिटली. २००२ मध्ये डॉनेली कॅनडाच्या मॅग्नानं विकत घेतली. हळदीचं जसं सांगलीच्या यार्डाकडे बघून ठरतं, तसं या आरशाचं झीलंडकडे बघून ठरतं. जगातला सिंहाचा वाटा आजही जेन्टेक्सचाच. साध्या आरशांच्या धंद्यात मात्र आपलं एक नाव मोठं झालं. २००९ मध्ये मदरसननं व्हिझिओकॉर्प ही मूळची जर्मन कंपनी घेतली आणि जगातल्या मोठ्या आरसेवाल्यांत जाऊन बसली.

भारतात हा आरसा आधी महागड्या गाड्यांत दिसला. नंतर क्रेटा, सेल्टॉस, बलेनो यांच्या वरच्या मॉडेलपर्यंत उतरला. खालच्या मॉडेलला खटकाच. हा हिशेब मला कधीच पटलेला नाही, कारण रात्रभर भाजीचा टेम्पो नाहीतर वडाप (प्रवाशांची जीप) चालवणाऱ्याला त्याची गरज जास्त.

मी जुनी गाडी घेतली तेव्हा असा आरसा आयता मिळाला होता. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या कोपऱ्यात तपकिरी बुडबुडा दिसायला लागला आणि गणपतीपर्यंत तो अंगठ्याएवढा झाला. फिटर म्हणाला, “दादा, आतलं जेल सुटलंय. हे रिपेअर होत नाही, अख्खा आरसाच घ्यावा लागतोय.” किंमत ऐकून मी साधा खटक्याचा बसवून घेतला. अॅक्सेसरीजच्या दुकानात निळ्या काचेचा ‘अँटी ग्लेअर’ आरसाही मिळतो, जुन्या आरशावर नुसता अडकवायचा. तो कायम गडदच राहतो. गळीत हंगामात हायवेवरून आत वळलं की मागून बिनलाइटची मोटारसायकल आली तरी त्यात दिसत नाही.

शेजारचे काका हे काहीच वापरत नाहीत. मागून अप्पर पडला की सरळ हातानं आरसा छताकडे ढकलतात. त्यांच्या अल्टोच्या आरशाला खटका आहे हे त्यांना गेल्या महिन्यात कळलं, गाडी घेतल्याला नऊ वर्षं झाल्यावर.