ताल कानात, की तोलात?

तीन-साडेतीन वर्षांची मुलगी पाहुण्यांसमोर गाणे म्हणते, सूर भलतीकडेच जातो, आणि घरातले एखादे वडीलधारे माणूस सहज बोलून जाते, "हिला काही गळा नाही." असे ऐकल्यावर पुढे कधी तोंडच न उघडलेली माणसे बहुतेकांच्या नात्यागोत्यात असतात. मला या शेऱ्याचा मनापासून राग येतो, कारण त्या वयात गळा आणि कान यांची वाढ एका वेगाने झालेली नसते. स्वरतंतूंची आतली थरांची रचना जन्मतः अपुरी असते आणि ती पौगंडावस्थेपर्यंत घडत राहते. तंतूंचा ताण आणि श्वासाचा दाब यांचा मेळ घालणे हे चेंडू झेलण्यासारखे स्नायूंचे कसब आहे. म्हणूनच लहान मूल गाण्यातले शब्द आधी उचलते, मग लय, मग चालीचा चढउतार, आणि नेमके स्वर त्याच्या गळ्यात सर्वांत शेवटी बसतात.

कान मात्र फार लवकर कामाला लागतो. गर्भाचा अंतर्कर्ण साधारण 24-25 आठवड्यांच्या सुमारास ध्वनीला प्रतिसाद देऊ लागतो, आणि आईच्या शरीरातून गाळून येणाऱ्या आवाजांपैकी मंद्र आवाज त्याच्यापर्यंत अधिक पोहोचतात. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बुडापेस्टमधील दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना ड्रमचा एक ठेका सतत ऐकवला गेला आणि मधूनमधून एखादा ठोका गाळला गेला. किरकोळ ठोका गाळला तर मेंदूत विशेष काही घडत नसे. आवर्तनाचा पहिला, वजनाचा ठोका गाळला की मात्र विद्युत्-संकेतात स्पष्ट बदल दिसे. सम हुकली, हे दोन दिवसांच्या मेंदूला झोपेत कळते, हे वाचून मी कितीतरी वेळ स्तब्ध बसलो होतो.

स्वरांचेही तसेच आहे. टोरांटो येथील संशोधकांनी 1977 साली पाच महिन्यांच्या बाळांना सहा स्वरांची एक धून ऐकवली. तीच धून पट्टी बदलून वाजवली तर बाळांना ती ओळखीची वाटे. तेच स्वर क्रम उलटसुलट करून वाजवले तर हृदयाचे ठोके मंदावून नवे काही ऐकल्याची खूण मिळे. पेटीची पट्टी न पाहता तिचे नाव सांगणारे मूल पालकांना चमत्कार वाटते, पण ही दुर्मीळ क्षमता मुख्यतः साधारण सहा वर्षांच्या आत संगीत शिकू लागलेल्यांत आढळते, आणि आपल्या संगीताला तिची फारशी गरज नाही. आपला षड्ज गायकागणिक बदलतो. कुणाचा काळी एक, कुणाचा काळी चार. आपल्याला हवे असते ते स्वरांमधले नाते ओळखणे, आणि ते पाच महिन्यांच्या सर्वसाधारण बाळाला जमते.

आता ज्या प्रयोगासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे वळतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात सात महिन्यांच्या बाळांना सहा मात्रांचा असा ठेका ऐकवला गेला, की ज्यात कुठल्याच मात्रेवर जोर नव्हता. अशा सहा मात्रा दोन-दोनच्या तीन गटांत मोजता येतात किंवा, आपल्या दादऱ्याप्रमाणे, तीन-तीनच्या दोन गटांत. ऐकताना काही बाळांना दर दुसऱ्या मात्रेवर आणि काहींना दर तिसऱ्या मात्रेवर उसळवले गेले, तेही फक्त दोन मिनिटे. नंतर त्यांना जोर स्पष्ट असलेले दोन्ही ठेके ऐकवले, तेव्हा ज्या बाळाला जसे उसळवले होते, तसाच ठेका ते अधिक वेळ ऐकत राहिले. दोघांच्या कानांवर पडलेला ध्वनी एकच होता. गट शरीराने पाडले होते. डोळे बांधले तरी हा परिणाम टिकला, आणि दुसऱ्याला उसळताना नुसते पाहिल्याने तो झाला नाही. 2005 साली 'सायन्स' या नियतकालिकात हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

हे कसे घडत असावे? अंतर्कर्णात ऐकण्यासाठी शंखासारखी गुंडाळलेली नळी असते, आणि तिला लागूनच तोल सांभाळणारे इंद्रिय: तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन छोट्या पिशव्या. नलिकांना डोके वळल्याचे कळते; पिशव्यांमधील चुन्याचे सूक्ष्म कण वर-खाली, पुढे-मागे होताना केसपेशींना वाकवतात. दोन्ही इंद्रियांत एकच द्रव असतो, आणि दोन्हींचे संदेश आठव्या कपालचेतेतून, म्हणजे डोक्यातल्या एकाच मज्जातंतूतून, मेंदूकडे जातात. मॅकमास्टरमधील याच संशोधकांनी पुढे प्रौढांच्या तोल-यंत्रणेला कानामागून सौम्य विद्युत्प्रवाह दिला. शरीर जागेवर असतानाही, ज्या मात्रेवर प्रवाह दिला त्या मात्रेवर जोर आहे असे ऐकणाऱ्यांना वाटले. म्हणजे जोराची मात्रा ठरवताना मेंदू तोलाच्या संदेशांचीही दखल घेतो. 'अडगुलं मडगुलं' म्हणत पायांवर बाळाला झुलवणारी आजी त्याच्या अंतर्कर्णातील दोन्ही शेजाऱ्यांना एकाच वेळी तालीम देत असते.

ही ग्रहणशक्ती सुरुवातीला कुठल्याही तालाला खुली असते. बाल्कन प्रदेशातील लोकसंगीतात दोन आणि तीन मात्रांचे असमान गट असतात, आपल्या रूपकातल्या तीन-दोन-दोनप्रमाणे. उत्तर अमेरिकेतील सहा महिन्यांच्या बाळांना अशा तालातली चूक कळते. बारा महिन्यांच्या बाळांना कळत नाही, कारण तोवर कान घरच्या समान गटांना सरावलेला असतो. मात्र दोन आठवडे घरी असे संगीत ऐकवल्यावर वर्षाच्या बाळांना ती चूक पुन्हा कळू लागली. मोठ्यांना तेवढ्या ऐकण्याने फरक पडला नाही.

या सुंदर संशोधनाच्या आडून बाजार उभा राहिला आहे, त्याविषयी बोलणे भाग आहे. 'मोझार्ट ऐकवा, बुद्धी वाढवा' या प्रचाराचे मूळ 1993 च्या एका प्रयोगात आहे. त्यात 36 महाविद्यालयीन विद्यार्थी होते, बाळ एकही नव्हते, आणि आकृत्यांच्या कोड्यांत दिसलेला फायदा दहा-पंधरा मिनिटांत ओसरला होता. तरीही 1998 साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांच्या घरी संगीत पाठवण्यासाठी निधी मागितला. आपल्याकडे गर्भसंस्काराच्या नावाखाली ठरावीक राग पोटाजवळ वाजवून गायक किंवा बुद्धिमान अपत्य मिळेल असे सांगितले जाते. त्यालाही पुरावा नाही. उस्ताद झाकीर हुसेन यांच्या जन्मानंतर वडिलांनी त्यांच्या कानात प्रार्थनेऐवजी तबल्याचे बोल म्हटले, हे त्यांनीच सांगितले आहे. पण त्या घरात तबला रोज वाजत होता, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

विशेष ओढ असलेले मूल ओळखायचे असेल, तर ते खेळ सोडून ऐकत उभे राहते का, तेच गाणे पुन्हा मागते का, ओळखीच्या चालीत मुद्दाम केलेला बदल त्याला खटकतो का, हे पाहावे. अडीच वर्षांची मुले यंत्राच्या ठोक्यापेक्षा समोर बसून वाजवणाऱ्या माणसाशी ताल चांगला जुळवतात, असे 2009 च्या एका अभ्यासात दिसले आहे. म्हणून मोबाइल बाजूला ठेवून मुलासमोर डबा घेऊन बसावे. गाताना पट्टीही मुलाची धरावी. पुरुषाचा आवाज मुलाच्या आवाजाहून साधारण एक सप्तक खाली असतो, त्यामुळे बाबांच्या सुरात सूर मिळवताना मुलाला मनातल्या मनात सप्तक बदलावे लागते, आणि लहान मुलांना स्त्रीच्या किंवा दुसऱ्या मुलाच्या आवाजाशी स्वर जुळवणे सोपे जाते. पाहुण्यांसमोर बेसूर ठरलेले तेच गाणे एकदा आईने किंवा ताईने मुलीच्या पट्टीत तिच्याबरोबर म्हणून पाहावे.