नांतचं फर्मान रद्द झालं, त्यानंतर

फ्रान्समधल्या कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट ख्रिश्चनांमधल्या धर्मयुद्धांची कथा बऱ्याच जणांना ठाऊक आहे. १५९८ साली फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याने नांत शहरात काढलेल्या फर्मानाने प्रॉटेस्टंट प्रजेला उपासनेचा मर्यादित हक्क दिला. तो कधीही मागे घेतला जाणार नाही, अशी ग्वाहीही दिली. १६२९ मध्ये त्यांचे किल्ले आणि शिबंदी गेली, उपासना तेवढी उरली.

ऑक्टोबर १६८५ मध्ये राजा चौदाव्या लुईने नवं फर्मान काढून तीही काढून घेतली. आजवर वाद चालतो तो त्याने दिलेल्या कारणावर. प्रॉटेस्टंटांपैकी बहुतेक सगळे, त्यातही चांगले लोक, कॅथलिक झाले आहेत. मग जुनं फर्मान हवं कशाला, असं नव्या फर्मानाची प्रस्तावना म्हणते. ही धर्मांतरं कशी झाली? १६८१ पासून पोआतू प्रांतात प्रॉटेस्टंट घरांमध्ये ड्रॅगून (घोड्यावरचे) सैनिक मुक्कामाला धाडले जात, आणि घरमालकाने धर्म बदलला की हलवले जात. दरबाराने फुगवलेले आकडे सांगून राजाला फसवलं, असा एक बचाव आहे. तो पटत नाही. सगळेच कॅथलिक झाले होते, तर देश सोडून पळणाऱ्या पुरुषांना जहाजावर वल्ही मारण्याची शिक्षा त्याच फर्मानात कुणासाठी लिहिली? पाळकांना, म्हणजे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांना, मात्र पंधरा दिवसांत देश सोडायचा हुकूम होता.

तरी सुमारे दोन लाख लोक निसटले. ब्रांडेनबुर्ग या जर्मन राज्याच्या शासकाने लगेच आश्रयाचं फर्मान काढलं. त्यात दयेइतकाच कुशल कारागिरांचा लोभही होता. हॉलंडमधल्या रॉटरडॅममध्ये एक निर्वासित फ्रेंच प्राध्यापक होता. त्याचा पाळक भाऊ बोर्दोच्या तुरुंगात मेला. दुसऱ्याच वर्षी या प्राध्यापकाने लिहिलं की चुकलेल्या सद्सद्विवेकबुद्धीवरही सक्ती करता येत नाही.

मागे राहिलेल्यांची कोंडी जास्त चिवट होती. कायद्याच्या लेखी देशात प्रॉटेस्टंट उरलेच नव्हते. त्यामुळे रानावनात चोरून लावलेली लग्नं बेकायदा, मुलं अनौरस आणि वारसा वादात. १७६२ मध्ये तुलूझच्या एका प्रॉटेस्टंट कापड व्यापाऱ्याला, मुलगा कॅथलिक होऊ नये म्हणून त्याला मारल्याच्या आरोपावरून, चाकावर हाडं मोडून ठार केलं. युरोपभर गाजलेल्या एका लेखकाने प्रकरण लावून धरलं, आणि १७६५ मध्ये तो व्यापारी निर्दोष ठरला, मरणोत्तर.

१७८७ मध्ये सोळाव्या लुईने प्रॉटेस्टंटांना जन्म, लग्न आणि मृत्यूची नोंद कॅथलिक धर्मगुरूऐवजी न्यायाधीशासमोर करण्याची मुभा दिली. उघड उपासना तेव्हाही वर्ज्यच राहिली. डिसेंबर १७९० मध्ये मात्र क्रांतीनंतरच्या विधिमंडळाने परागंदा झालेल्यांच्या वंशजांना, परत येऊन राहिल्यास, नागरिकत्व देऊ केलं.