डायल टोन का येत नसे? सरकारी टेलिफोनचा कारभार आणि एक्स्चेंजचे गणित

रिसीव्हर उचलायचा, कानाला लावून थांबायचे आणि मिनिटभर नुसती शांतता ऐकायची, हा अनुभव १९७० आणि ८० च्या दशकांत शहरातल्या बहुतेक फोनधारकांना आला. दोष लाइनमनच्या माथी जाई. पण लाइन धड असली तरी डायल टोन, म्हणजे ‘आता नंबर फिरवा’ असे सांगणारा सूर, येत नसे. त्याचे कारण एक्स्चेंजच्या, म्हणजे फोन एकमेकांना जोडून देणाऱ्या केंद्राच्या, गणितात होते आणि ते गणित सरकारी टेलिफोन खात्याच्या कारभाराने बिघडले होते.

भारतात टेलिफोन आला तो खाजगी कंपन्यांच्या हातून. ओरिएंटल टेलिफोन कंपनीला परवाना मिळाला आणि १८८२ मध्ये कोलकाता, मुंबई व मद्रास इथे एक्स्चेंज सुरू झाले. पुढे १८८५ च्या तार कायद्याच्या चौथ्या कलमाने तारेचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला. टेलिफोनही तारेच्याच व्याख्येत धरला गेला. त्यामुळे कंपन्या असल्या तरी त्या सरकारी परवान्यावर चालत. १९४३ मध्ये सरकारने तिन्ही शहरांतल्या टेलिफोन कंपन्या विकत घेतल्या आणि त्यांचा कारभार डाक-तार खात्याकडे गेला. स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशात टेलिफोन होते सुमारे ८०,०००.

१९४८ मध्ये बेंगळुरूला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना निघाला. तिथे इंग्लंडच्या तंत्राने स्ट्रोजर एक्स्चेंज बनू लागले. हे यंत्र समजायला सोपे आहे. डायल सोडली की ती परत फिरताना लाइनचा प्रवाह सेकंदाला दहा वेळा या गतीने तोडते. ७ फिरवला तर सात ठोके, ० फिरवला तर दहा. प्रत्येक ठोक्याला सिलेक्टरचा, म्हणजे मार्ग निवडणाऱ्या यंत्राचा, दांडा एक पायरी वर चढतो. मग तो आडवा फिरून त्या पातळीवरचा मोकळा मार्ग शोधतो. शेवटचे दोन आकडे फायनल सिलेक्टर घेतो: पहिल्याने दहांपैकी एका पातळीवर चढायचे, दुसऱ्याने दहांपैकी एका संपर्कावर थांबायचे. म्हणजे एका फायनल सिलेक्टरच्या टप्प्यात शंभर नंबर.

आता मुख्य मुद्दा. शंभर ग्राहकांसाठी शंभर फायनल सिलेक्टर कोणी बसवत नाही, कारण सगळ्यांना एकाच वेळी फोन येत नाहीत. समजा दहा बसवले. ते पुरतील का, हे कोपनहेगन टेलिफोन कंपनीतल्या ए. के. एर्लांग यांच्या १९१७ च्या सूत्राने काढता येते. एक मार्ग, इथे एक सिलेक्टर, तासभर सलग अडलेला राहिला तर तो एक एर्लांग भार. दहा मार्गांवर ४.४६ एर्लांग भार असेल तर शंभरातला एक कॉल अडतो. शंभर ग्राहकांत वाटला तर हा भार गर्दीच्या तासात माणशी तीन मिनिटांपेक्षाही थोडा कमी भरतो. तोच भार ८ एर्लांगवर गेला तर शंभरातले १२ कॉल अडतात. भार दुप्पटही झालेला नसतो, अडणारे कॉल मात्र बारापट होतात.

आपल्याकडे नेमके हेच झाले, आणि त्याचा उगम खात्याच्या पैशात होता. नवीन लाइन किती द्यायच्या हे मागणीवर ठरत नसे, ते पंचवार्षिक योजनेतल्या तरतुदीवर ठरे. फोनची गणना चैनीच्या वस्तूंत होई. लाइन कमी म्हणून एकेका फोनवर चाळीतल्या पाच-दहा बिऱ्हाडांचे किंवा अख्ख्या पेढीचे काम चाले. ज्या देशात घरोघर फोन आहे तिथल्यापेक्षा इथल्या प्रत्येक लाइनचा भार कितीतरी जास्त होता.

स्ट्रोजरमध्ये असा भार पडला की निदान बिघाड एका गटापुरता राहतो. १९६४ मध्ये बेल्जियमच्या कंपनीशी करार होऊन पेंटाकोंटा क्रॉसबार ही नव्या पद्धतीची एक्स्चेंज आली आणि अडचण वाढली. क्रॉसबारमध्ये प्रत्येक कॉलचा मार्ग मार्कर नावाचे मोजकेच सामाईक नियंत्रक जोडतात. एक कॉल जुळला की मार्कर लगेच दुसऱ्याकडे वळतो. कल्पना उत्तम आहे. पण युरोपातला कमी भार धरून मार्करांची संख्या ठरलेली होती. इथे ते अडकले, कॉल अर्धवट सुटला, ग्राहकाने पुन्हा डायल केले, आणि त्या प्रयत्नानेही मार्करचा वेळ खाल्ला. अपुरे प्रयत्नच यंत्र गुदमरवू लागले. डायल टोन उशिरा येण्याचे एक मोठे कारण हेच. शेवटी भारतीय भाराला साजेसा सुधारित क्रॉसबार देशातच तयार करावा लागला. माझ्या मते उपकरण निवडताना इथला भार आधी मोजला असता तर हा फेरा टळला असता.

प्रतीक्षायादीचेही तसेच. नवीन जोडणीला एक्स्चेंजमध्ये नंबर मोकळा लागतो, एमडीएफवर, म्हणजे एक्स्चेंजमधल्या तारा जोडायच्या मुख्य चौकटीवर, जंपर (जोडतार) लागतो आणि पुढे कॅबिनेट, पिलर, डीपी या रस्त्यातल्या जोडपेट्यांतून घरापर्यंत तांब्याची सलग जोडी लागते. यांतली एक कडी नसली तर अर्जावर ‘टेक्निकली नॉट फीजिबल’ (तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही) असा शेरा पडे. यंत्रसामग्री, इमारत आणि केबल यांची खरेदी वेगवेगळ्या वेळी होई, त्यामुळे एक्स्चेंजमध्ये नंबर पडून आणि रस्त्यात जोडी नाही, असे वारंवार घडे. ओवायटी (‘ओन युवर टेलिफोन’, आगाऊ पैसे भरणाऱ्यांची), स्पेशल आणि जनरल या तिन्ही यादींतल्या माणसांना ही अडचण सारखीच होती.

१९८५ मध्ये टपाल आणि दूरसंचार ही खाती वेगळी झाली. १ एप्रिल १९८६ पासून मुंबई-दिल्लीचे फोन महानगर टेलिफोन निगमकडे गेले. कर्मचारी बराच काळ सरकारी सेवेतूनच आलेले राहिले, पण कंपनी झाल्यामुळे रोखे काढून बाजारातून पैसा उभारता येऊ लागला. त्याच सुमारास ई-१० बी ही डिजिटल एक्स्चेंज आली, आणि १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने १२८ लाइनचे ग्रामीण एक्स्चेंज बनवले. त्याला वातानुकूलन लागत नसे. खेड्यातल्या उन्हाळ्यात हा गुण अमोल होता. उरलेल्या देशाचा कारभार १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगमकडे आला.

या काळात रस्त्याखालची केबल मात्र जुनीच राहिली. कागदी वेष्टनाच्या केबलचा एखादा जॉइंट पावसात भिजला की दोन तारांमधला रोध घसरतो आणि फोनवर खरखर येते. आवाज तरीही कसाबसा ऐकू येई. २००५ मध्ये दोन्ही निगमांनी याच जोड्यांवर ब्रॉडबँड सुरू केले आणि प्रश्न उघडा पडला. आवाजाला ३,४०० हर्ट्झपर्यंतची कंपने पुरतात, ब्रॉडबँडचे एडीएसएल हे तंत्र दहा लाख हर्ट्झच्याही वर जाते. ओला किंवा गंजलेला जॉइंट एवढ्या वरच्या कंपनांना फारसा पार होऊ देत नाही. फोन चालू, इंटरनेट बंद, ही तक्रार बहुधा तिथूनच येई. असा जॉइंट हुडकायला रोध मोजून अंतर काढावे लागते, मग तो उघडून, वाळवून पुन्हा बांधावा लागतो. ते हाताने करणारे अनेक अनुभवी जॉइंटर ३१ जानेवारी २०२० च्या स्वेच्छानिवृत्तीत, दोन्ही निगमांतल्या ९०,००० हून अधिक कर्मचाऱ्यांबरोबर, एकाच दिवशी निघून गेले.