भूल, निदान न झालेल्या बालकांतील

अज्ञात आजाराचा माग काढताना बालकाला तपासणीपुरती दिली जाणारी भूल व तीत बाळगायची दक्षता. एमआरआय, स्नायूचा तुकडा काढणे, पाठीतले पाणी काढणे यांसाठी मूल निश्चल असावे लागते. एरवी भूलतज्ज्ञाला आजार ठाऊक असतो. इथे तोच शोधायचा असतो, आणि कोणते औषध बाधेल हे निकालाआधी कळत नाही.

संज्ञेबाबत एकमत नाही. परिभाषेत ‘बधिरीकरण’ व ‘संवेदनाहरण’ हे शब्द रूढ आहेत. इंदूरमध्ये हिंदी कारभारामुळे कागदोपत्री ‘निश्चेतना’, बाजारात ‘बेहोशी’ आणि मराठी घरांत ‘भूल’ असे तिन्ही शब्द चालतात. एमआरआयमध्ये दुखत काहीच नाही, तेव्हा ‘बधिरीकरण’पेक्षा ‘भूल’ अधिक नेमका वाटतो. ‘नुसते झोपेचे औषध’ हा शब्दप्रयोग मात्र टाळावा. मात्रा किंचित वाढली तरी झोपेची भूल होते व श्वास मंदावतो.

सर्वांत वादाचा भाग स्नायुविकारांचा. १९६० मध्ये मेलबर्नच्या डेनबरो व लव्हेल या डॉक्टरांनी एका तरुणाची हकिगत नोंदवली. त्याचा पाय मोडला होता, पण भीती भुलेची होती. त्याच्या दहा नातेवाइकांचा मृत्यू ईथरच्या भुलेत झाला होता. हाच ‘मॅलिग्नंट हायपरथर्मिया’: सेव्होफ्लुरेनसारखे हुंगवायचे वायू किंवा सक्सिनिलकोलीन हे स्नायू शिथिल करणारे औषध यांमुळे स्नायू ताठरतात व ताप भडकतो. डँट्रोलीन हा त्यावरचा उतारा. डुशेन स्नायुक्षयातील (मुलग्यांचे स्नायू झिजवणारा आनुवंशिक आजार) भुलेचे अपघातही पूर्वी याच सदरात घालत. अलीकडचा कल ते वेगळे मानण्याकडे आहे व तो अधिक पटण्याजोगा आहे. डुशेनमध्ये स्नायुपेशी फुटून रक्तातील पोटॅशियम वाढते व हृदय थांबते. तिथे आधी कॅल्शियम लागते. तंतुकणिकांच्या (मायटोकाँड्रिया) विकारात आणखी वेगळेच: प्रोपोफॉल या शिरेतून द्यायच्या भुलेच्या औषधाची दीर्घ धार टाळतात.

म्हणून कुटुंबाची चौकशी ही पहिली तपासणी. डुशेनचा दोष आईकडून मुलाकडे येतो, तेव्हा ‘मुलाचा मामा लहानपणीच चालेनासा झाला होता का?’ हा प्रश्न आईला, आणि शक्य तर आजीला, विचारायलाच हवा. मराठी घरांत मामेबहिणीशी लग्नाची रीत होती. तीही विचारावी, कारण आई-वडील दोघांकडून येणारे दोष अशा नात्यात एकत्र येऊ शकतात. उशिरा चालू लागलेल्या, जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकणाऱ्या मुलग्याच्या रक्तातील सीके (स्नायू फुटले की रक्तात वाढणारे विकर) आधी पाहिल्यास बरेच काही उलगडते.

उपाशी ठेवण्याचा रूढ नियम स्वच्छ पाणी २, आईचे दूध ४, जेवण ६ तास असा आहे. युरोपीय संकेतांनी २०२२ मध्ये पाण्याची मर्यादा १ तासावर आणली. चयापचयाच्या विकाराचा संशय असलेल्या मुलाला मात्र उपास सोसत नाही. त्याचा क्रमांक सकाळी पहिला लावावा व ग्लुकोजची सलाईन चालू ठेवावी.

मेंदूवरील परिणामांबाबत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये तीन वर्षांखालील मुलांतील तीन तासांहून लांब किंवा वारंवार भुलेबद्दल इशारा दिला. एका तासाच्या आतील एका भुलेने पाचव्या वर्षीही बुद्धीत फरक आढळला नाही, असे २०१९ च्या ‘गॅस’ अभ्यासात दिसले. शक्य त्या तपासण्या एकाच भुलेत उरकतात, त्यामागे हाही विचार आहे. कोणते औषध दिले, किती दिले, मूल कसे जागे झाले, हे लिहिलेला कागद पुढच्या तपासणीसाठी पालकांच्या हाती द्यावा.