पेन्शनचा कागद आणि नोकरीचा कागद

"पेन्शनीत पणजोबांचं नाव नाही, म्हणजे ते फौजेत नव्हतेच." हे इतक्या घरांतून ऐकलंय की आता लिहायलाच हवं.

पेन्शनचा कागद बहुतेकांच्या ओळखीचा असतो. पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा हुकूम, हयातीचा दाखला, दरमहा जमा होणारी रक्कम. त्यावर वेळ घालवत नाही. नोकरीचा कागद म्हणजे पलटणीकडचा शीट रोल, अर्थात शिपायाच्या नोकरीचा नोंदपट, आणि सुटताना शिपायाच्या हाती दिलेलं डिस्चार्ज बुक. त्यात भरतीची तारीख, बापाचं नाव, गाव, तालुका, अंगावरची खूण, सुटण्याचं कारण असा सगळा माणूस सापडतो.

आता खरी मेख. पेन्शनचा कागद सरकारने पैसे कुणाला दिले तेवढंच सांगतो. शिपायाला साधी पेन्शन लागायला आपल्याकडे 15 वर्षांची नोकरी लागते. दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौज सुमारे 2 लाखांवरून 25 लाखांच्या घरात गेली, आणि युद्ध संपल्यावर त्यातली बहुतेक माणसं थोड्याच वर्षांच्या नोकरीनंतर घरी परतली. पेन्शनीच्या यादीत ती येणार कुठून? महाराष्ट्र सरकार दुसऱ्या महायुद्धातल्या बिनपेन्शनी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना वेगळं साहाय्य देत आलंय, ते याच कारणाने. म्हणून यादीत नाव नसलं तर एवढंच म्हणा की पेन्शन नव्हती. त्यापुढे एक शब्दही बोलू नका. आजोबांच्या चार-पाच वर्षांच्या नोकरीवर नातवंडांनीच काट मारावी, याचा मला मनापासून राग येतो.

दुसरा घोळ याच्या उलटा. कागद असतो, पण बाईच्या नावाचा, म्हणून कुणी उघडून बघत नाही. आमच्या पणजीचा असाच एक कागद ट्रंकेत वर्षानुवर्षं 'म्हातारीची पेन्शन' म्हणून पडून होता. घडीवर फाटलेला, कडेला जांभळ्या शाईचा अंगठा. ती कुटुंब पेन्शन होती. वर पणजीचं नाव, पण खालच्या ओळीत मयताचा हुद्दा नाईक, पलटण 110 मराठा, मृत्यू ऑगस्ट 1916. ही पलटण पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधल्या कूत गावी तुर्कांच्या वेढ्यात होती आणि कूत 29 एप्रिल 1916 ला शरण गेलं. म्हणजे पणजोबा बहुधा तुर्कांच्या कैदेत गेले. घरात मात्र 'बसऱ्याला गेला, आला नाही' एवढंच ठाऊक होतं. तेव्हा शोध घरातल्या बायकांच्या कागदांपासून सुरू करा, असा माझा आग्रहच आहे.

बाकीचे फरक किरकोळ. पीपीओचा नंबर म्हणजे शिपायाचा फौजी नंबर नव्हे. रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे पलटणीच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला, लिहिताना फौजी नंबर द्या, तो नसेल तर बापाचं नाव, गाव, तालुका आणि सुटल्याचं साल द्या. पलटणींची नावंही बदलली आहेत. 1922 च्या फेररचनेत 110 मराठा ही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. म्हणून बेळगावला मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करताना जुनं आणि नवं, दोन्ही नावं लिहा. आणि मूळ कागद पाकिटात घालून पाठवू नका, झेरॉक्सच पाठवा.